सोसायटी की कंपनी? अमेरिकेतला पैसा आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी अमेरिकेच्या निवडणुकीवर चार ओळी लिहिल्या होत्या, की २०२४ ला तिकडे सगळ्या निवडणुकांचा मिळून साधारण १,६०० कोटी डॉलर खर्च झाला आणि त्यातले २५ कोटींच्या वर एकट्या इलॉन मस्कने घातले. बस, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॅप आले की संपादकबाई म्हणाल्या, काका, या वेळी दुसरा विषयच नको, हेच घ्या. तर घेतो. आधीच सांगून ठेवतो, मी अमेरिकेला एकदाच गेलोय, मुलीकडे, तीन महिने, त्यातला एक महिना खिडकीतून बर्फ बघण्यात गेला, त्यामुळे तज्ज्ञ वगैरे समजू नका. पण एकतीस वर्षं सहकारी बँकेत काढली आहेत, पैसा कुठून निघतो आणि कुठे जाऊन बसतो हे बघायची डोळ्याला सवय आहे. नावं नेहमीसारखी काढून टाकली आहेत.

प्रश्न : काका माका एक सांगा, अमेरिकेत पण एका माणसाक एकच मत ना? अब्जाधीश असलो तरी मत एकच. मगे पैसेवालो जिंकता कसो? लोकां मतां विकतत काय थंय?
— एक मच्छीमार, मालवण

दादा, तुम्ही मच्छीमार सोसायटीचे मेंबर असणार, म्हणून तिथूनच सुरू करतो. सोसायटीत एकाचे शेअर दहा असोत नाहीतर पाचशे, ठरावाला हात एकदाच वर होतो. कंपनीत तसं नसतं, तिथे जेवढे शेअर तेवढी मतं. लोकशाही म्हणजे कागदावर सोसायटी. अमेरिकेची पण कागदावर सोसायटीच आहे, आणि मतं उघडपणे विकत घेतली तर तिकडे जेल होते. तरी ती हळूहळू कंपनीसारखी चालायला लागली आहे असं माझं मत झालंय, आणि ते कसं होतं ते सांगायला मी अमेरिकेत जाणार नाही, आधी एका गावात जातो. गावाचं नाव विचारू नका.

तर शिमग्याला पालखी घरोघरी जाते, तिचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. या गावातल्या एका मुंबईकराने देवळाच्या सभामंडपाचा सगळा खर्च केला. चांगल्या मनाने केला हो, बदल्यात काही मागितलं नाही. पुढच्या शिमग्याला त्याची गाडी हायवेला अडकली तर मंडळी म्हणाली, एवढं दिलंय माणसाने, थांबूया की अर्धा तास. अर्ध्याचे दोन तास झाले, खालच्या वाडीतले लोक ताट-नारळ घेऊन रात्री बारापर्यंत दारात बसून राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी तर उत्सवाची मीटिंगच तो कधी येतोय ते विचारून लावली. आता सांगा, यात कुणी मत विकलं? कुणी पाकीट घेतलं? ठराव तरी झाला का कसला? काहीच नाही. फक्त खालच्या वाडीने वाट बघायची हे न बोलता ठरून गेलं.

अमेरिकेत हेच आहे, फक्त देऊळ मोठं आहे. तिकडे उमेदवाराला थेट द्यायच्या देणगीला मर्यादा आहे, २०२४ ला एका माणसाला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,३०० डॉलर देता येत होते. पण १९७६ साली बक्ली विरुद्ध व्हॅलेओ म्हणून केस झाली, त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की निवडणुकीत पैसा खर्च करणं हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, त्यामुळे देणगीवर मर्यादा चालेल पण खर्चावर नाही. मग २०१० ला सिटिझन्स युनायटेडचा निकाल आला, ५ विरुद्ध ४ असा, की कंपन्या आणि युनियननाही उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करू द्या. त्याच वर्षी खालच्या एका कोर्टाच्या निकालाने सुपर पॅक नावाचा प्रकार निघाला, म्हणजे एक वेगळी संस्था जी उमेदवाराच्या हातात एक डॉलर देत नाही पण त्याच्या बाजूने टीव्हीवर हव्या तेवढ्या जाहिराती करते, आणि तिला देणगी द्यायला मर्यादाच नाही. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागची पडवी सताड उघडी. (आपल्याकडे लोकसभेला उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे. ती कशी पाळली जाते ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही. पण निदान मर्यादा असावी हे तरी आपण मान्य करतो.)

आता तुम्ही म्हणाल जाहिराती बघून लोक काय मत देतात? नेहमी नाही देत. २०२० ला मायकल ब्लूमबर्ग नावाच्या अब्जाधीशाने स्वतःच्या खिशातले १०० कोटी डॉलर घालून डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला बघितलं, आणि जिंकलं काय तर अमेरिकन सामोआ, पॅसिफिकमधली काही लहानशी बेटं! म्हणजे पैसा टाकला की मत पडतं असं नसतंच. म्हणूनच मी म्हणतो की मतमोजणीकडे बघून काही कळत नाही, त्याच्या आधीचं बघायला पाहिजे. कोण उभं राहू शकतं, निवडून आल्यावर कुणाचा फोन उचलला जातो, आणि कुठला विषय मतदानाला येतच नाही.

या शेवटच्याचं एक उदाहरण देतो, माझं आवडतं आहे. तिकडे मोठमोठे फंड चालवणारे मॅनेजर लोक असतात, त्यांना फंडाच्या नफ्यातला वाटा मिळतो. तो खरं म्हणजे त्यांच्या कामाचा मोबदला, पण कायद्याने तो बराचसा भांडवली नफा धरला जातो, म्हणजे पगारावर वरचा दर ३७ टक्के असताना यांना २० टक्क्यांच्या आसपास. ही पळवाट बंद करू असं ओबामा म्हणाले, ट्रम्प म्हणाले, बायडन म्हणाले. दोन्ही पक्ष म्हणतायत, आणि सामान्य माणसाचा तर विरोध असायचं कारणच नाही. झालं काय? २०१७ ला कमी दर हवा तर गुंतवणूक एक वर्षाऐवजी तीन वर्षं ठेवायची अट घातली, झालं. २०२२ ला सिनेट, म्हणजे त्यांच्या संसदेचं वरचं सभागृह, ५०-५० अशी अडलेली होती, तेव्हा एका सिनेटरने अडून धरलं आणि ते कलम विधेयकातून गळलं. पळवाट अजून आहे तिथेच आहे.

उलट बाजू बघा. केंद्राचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, ते जुलै २००९ पासून तसंच आहे. २००९ ला सुरमईचा भाव काय होता ते आठवा तुम्ही! २०२० ला फ्लोरिडामध्ये १५ डॉलरपर्यंत वाढवायचं का असं थेट लोकांना विचारलं तर जवळपास ६१ टक्के लोक हो म्हणाले, आणि त्याच दिवशी त्याच लोकांनी राज्य ट्रम्पना दिलं, म्हणजे हा काही डाव्या-उजव्याचा प्रश्न नव्हता. चार महिन्यांनी तोच १५ डॉलरचा विषय सिनेटमध्ये आला तो ४२ विरुद्ध ५८ ने पडला. लोकांना विचारलं की एक उत्तर, लोकांच्या प्रतिनिधींना विचारलं की दुसरं. बऱ्याच राज्यांनी नंतर आपापलं वेतन वाढवलंय, पण ज्यांनी नाही वाढवलं तिथला माणूस ७.२५ वरच आहे.

मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज या दोन प्राध्यापकांनी २०१४ ला असे १,७७९ प्रश्न तपासले होते, की कुणाला काय हवं होतं आणि सरकारने काय केलं. श्रीमंतांचं आणि मधल्या माणसाचं मत वेगळं असेल तेव्हा मधल्याच्या मताचा परिणाम जवळजवळ शून्य, असं त्यांना दिसलं. त्यावर टीका पण झाली, की बहुतेक प्रश्नांवर दोघांचं मत सारखंच असतं, मग एवढा निष्कर्ष कशाला. टीका बरोबर आहे. पण दादा, पालखी तरी रोज कुठे अडते? ज्या दिवशी अडते त्या दिवशी कुणासाठी अडते तेच बघायचं असतं ना.

आणि हो, अजून एक राहिलं, मतदान तिकडे मंगळवारी असतं, १८४५ च्या कायद्याने, आणि देशभर सुट्टी नसते. आपल्याकडे भरपगारी सुट्टी असते आणि लोक गणपतीपुळ्याला जातात, तो भाग वेगळा.

प्रश्न : श्रीमंत असणं हा गुन्हा आहे का? माझ्या आजोबांनी कातळ फोडून कलमं लावली, आज आमची परिस्थिती चांगली आहे, त्याची लाज वाटायची का मला? मस्क-बेझोसनी कंपन्या काढल्या, कमावलं. त्यांच्याकडे जास्त आहे म्हणून गरिबाचं कमी झालं असं थोडीच आहे. हा सगळा जळफळाट वाटतो मला.
— एक तरुण बागायतदार, देवगड

लाज कसली, मित्रा. कातळात सुरुंग लावून, माती वाहून आणून, घागरीने पाणी घालून लावलेली कलमं आहेत ती, मी असल्या बागांना कर्जं दिली आहेत आणि बँकेची वसुली कुठे चुकली नाही ती तिथेच. तुझं अर्धं म्हणणं मला पटतं. तिकडच्या कंपन्यांनी जगाला कामाच्या वस्तू दिल्या, हा लेख मी ज्या फोनवर टाइप करतोय तो पण त्यातलाच.

पण प्रमाण बघ जरा. समज एक वाडी आहे, १०० घरं आणि हापूसची १०० कलमं. अमेरिकेच्या सेंट्रल बँकेचे संपत्तीचे आकडे त्या वाडीला लावले तर एका घराकडे साधारण ३० कलमं. त्याच्या खालच्या नऊ घरांत मिळून ३६-३७. मधल्या चाळीस घरांत मिळून तीसेक. आणि उरलेली पन्नास घरं, अर्धी वाडी, त्यांच्यात मिळून अडीच कलमं! पन्नास घरांत अडीच. आंबा पिकल्यावर वाटणी कशी करत असतील देव जाणे. आता या वाडीत रस्ता कुठून न्यायचा, पाण्याची टाकी कुठे बांधायची हे ठरवायला बैठक बसली तर कुणाचं ऐकलं जाईल?

आता टॅक्सचं बघ, कारण जळफळाट म्हणालास म्हणून. २०२१ ला प्रोपब्लिका या तिकडच्या शोधपत्रकारितेच्या संस्थेच्या हातात श्रीमंतांच्या टॅक्सची कागदपत्रं लागली. सगळ्यात श्रीमंत २५ जणांची संपत्ती २०१४ ते २०१८ या पाच वर्षांत ४०,१०० कोटी डॉलरने वाढली आणि तेवढ्याच काळात त्यांनी केंद्राला इन्कम टॅक्स भरला १,३६० कोटी. म्हणजे ३.४ टक्के. बेझोसनी २००७ आणि २०११ ला आणि मस्कने २०१८ ला इन्कम टॅक्स शून्य भरला होता. आणि गंमत म्हणजे यात बेकायदेशीर काहीही नाही, चोरी असती तर बरं झालं असतं, पकडता तरी आली असती.

कसं होतं सांगतो, बँकवाल्याला ही गोष्ट लगेच कळते. नर्सचा पगार झाला की टॅक्स हातात यायच्या आधी कापला जातो. पण शेअरची किंमत वाढली तर ती विकेपर्यंत टॅक्स नाही. मग विकायचेच कशाला? शेअर तारण ठेवायचे, बँकेकडून कमी व्याजाने कर्ज घ्यायचं आणि त्यावर जगायचं, कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे त्यामुळे त्यावर टॅक्स नाही. आणि माणूस मेला की मुलांना ते शेअर मृत्यूच्या दिवसाच्या किमतीने मिळाले असं धरतात, म्हणजे बापाच्या हयातीत झालेला सगळा नफा टॅक्सच्या वहीतून पुसला जातो, कायमचा. आपल्याकडे तसं नाही हां, वडिलांनी रत्नागिरीत फ्लॅट घेतला आणि तुला वारशाने मिळाला तर विकताना वडिलांचीच खरेदी किंमत धरतात, फार जुना असेल तर २००१ चा भाव. तिकडे वारसा कर आहे, पण २०२६ पासून १.५ कोटी डॉलरपर्यंतच्या इस्टेटीला तो लागतच नाही, आणि त्याच्या वरच्यांकडे ट्रस्ट करून द्यायला वकील असतात.

आणि नर्सचं अजून एक. तिच्या पगारातून म्हातारपणच्या पेन्शनसाठी ६.२ टक्के जातात, सगळ्या पगारावर. पण वर्षाला १ लाख ७६ हजार १०० डॉलरच्या वर (हा २०२५ चा आकडा) तो भाग कापलाच जात नाही. कंपनीच्या मोठ्या साहेबाचं वर्षाचं देणं जानेवारीतच संपून जातं, नर्स डिसेंबरपर्यंत भरत असते.

तर माझा राग कलमांवर नाही. तीस कलमंवाला बैठकीत बसून पाणीपट्टीचे नियम स्वतःच लिहितो त्यावर आहे. आणि तू म्हणतोस तसं कुणाचं कमी झालं नसतं तर मी गप्प बसलो असतो, पण राज चेट्टी म्हणून एक अर्थतज्ज्ञ आहेत तिकडे, दिल्लीत जन्मलेले, त्यांच्या गटाने पिढ्यांचा हिशोब लावला. १९४० ला जन्मलेल्या अमेरिकन मुलांपैकी साधारण ९० टक्के मोठेपणी आपल्या आईबापांपेक्षा जास्त कमवायला लागले. १९८० ला जन्मलेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांवर आलं. नाणं उडवल्यासारखं. तुझ्या आजोबांनी कातळ फोडला तो नातवाचं बरं होईल याच हिशोबाने ना?

प्रश्न : माझी बहीण अमेरिकेत टेक्सासला असते. ऐपत नसताना तिने फार महागडं घर घेतलं आणि म्हणते शाळेसाठी घेतलं. शाळा तर सरकारी आणि फुकट आहे म्हणे! मग घराचा आणि शाळेचा संबंध काय? की आम्हाला काहीतरी सांगतेय?
— एक वाचक भगिनी, दापोली

नाही ताई, खरंच सांगतेय बिचारी. तिकडे सरकारी शाळांचा साधारण ४५ टक्के पैसा स्थानिक असतो आणि त्यातला बहुतेक घरपट्टीतून येतो. श्रीमंत वस्तीत घरं महाग, घरपट्टी जास्त गोळा होते, शाळेला पैसा जास्त, शाळा चांगली, शाळा चांगली म्हणून घरं अजून महाग. शाळा फुकट असते खरी, पण तिची फी घराच्या किमतीत आधीच भरलेली असते.

आणि टेक्सासचंच नाव काढलंत म्हणून, ही लढाई तिथेच झाली होती. सॅन अँटोनियो शहरात एजवूड नावाचा गरीब, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांचा शाळा-जिल्हा, आणि जवळच अलामो हाइट्स हा श्रीमंत. एजवूडचे लोक १०० डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर घरपट्टी भरायचे, अलामो हाइट्सवाले ८५ सेंट. म्हणजे गरीब जास्त दराने भरत होते! तरीही १९६७-६८ च्या हिशोबात एजवूडला त्यातून मुलामागे वरचे २६ डॉलर मिळाले आणि अलामो हाइट्सला ३३३. एजवूडचे आईबाप कोर्टात गेले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि १९७३ ला ते ५ विरुद्ध ४ ने हरले. कोर्ट म्हणालं, शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेत मूलभूत हक्क म्हणून लिहिलेला नाही. सोळा वर्षांनी, १९८९ ला, टेक्सासच्याच सुप्रीम कोर्टाने राज्याच्या घटनेचा आधार घेऊन ही पद्धत चुकीची ठरवली आणि श्रीमंत जिल्ह्यांचा पैसा थोडा इकडे वळायला लागला. पण ज्या मुलांसाठी आईबाप कोर्टात गेले होते ती तोपर्यंत मोठी होऊन कामाला लागली असणार.

विचार करा, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मास्तरांचा पगार गावच्या घरपट्टीतून द्यायचा ठरवला असता तर? माझ्या गावात फळ्याला खडू तरी आला असता का शंका आहे. आपल्याकडे दुखणं वेगळं आहे, पोरंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद पडतायत, पण त्यावर एक पूर्ण अंक लागेल. बहिणीला माझा नमस्कार सांगा, आणि तिच्या ईएमआयबद्दल काही बोलू नका.

प्रश्न : कायद्यापुढे सगळे समान हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या इमारतीवरच कोरलंय असं वाचलं. व्यवहारात पैशाने काय फरक पडतो?
— लॉची विद्यार्थिनी, रत्नागिरी

कोरलंय, बरोबर आहे. फरक पहिल्या रात्रीच पडतो. अटक झाली की जामिनाची रक्कम ठरते, ती रोख भरली की घरी, नाही भरली तर आत, गुन्हा सिद्ध व्हायचा असला तरी. तिकडच्या स्थानिक तुरुंगांत कुठल्याही दिवशी मोजलं तर जवळपास ७० टक्के लोक अजून दोषी न ठरलेले असतात. सगळेच काही पैशावाचून अडलेले नसतात, पण बरेच असतात. आत राहिलं की नोकरी जाते, घरभाडं थकतं, मग माणूस कंटाळून गुन्हा कबूल करून मोकळा होतो. इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन पूर्ण बंद केला, असं करणारं ते पहिलं राज्य.

वकिलाचं म्हणशील तर १९६३ च्या गिडियन निकालाने फौजदारी खटल्यात गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. पण घरमालकाने बाहेर काढलं, पोराचा ताबा गेला, असल्या दिवाणी भानगडीत तसा हक्क देशभर नाही. आपला १९८७ चा विधी सेवा कायदा इथे पुढे आहे, त्यात बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो आणि दिवाणीतही मिळतो. तू शिकतेयस तर हे खेड्यातल्या बायकांना सांग, बऱ्याच जणींना माहितीच नसतं. फार हुरळून मात्र जाऊ नकोस, आपल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदीच आहेत.

प्रश्न : मी इतिहास शिकवून निवृत्त झालो. आमच्या लहानपणी घरात खोतीच्या गोष्टी ऐकल्या. तुम्ही लिहिता ते वाचून तेच आठवलं. अमेरिकेत हे पूर्वीपासून असंच होतं का? आणि कधी मोडलं का कुणी?
— निवृत्त शिक्षक, गुहागर

गुरुजी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. खोतीची आठवण मलाही होतीच, पण म्हटलं आपणच कशाला काढा.

सुरुवातीला तर तिकडे बहुतेक ठिकाणी मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषालाच मत होतं, आणि ती मालमत्तेची अट १८५० च्या दशकापर्यंत जवळजवळ सगळीकडून गेली. पण दक्षिणेत नंतर मतदानावर चक्क कर लावला, मुख्यतः काळ्या लोकांना लांब ठेवायला, तो केंद्राच्या निवडणुकांतून १९६४ च्या घटनादुरुस्तीने गेला आणि राज्यांच्या निवडणुकांतून १९६६ ला कोर्टाने काढला. म्हणजे आपण १९५२ ला सरसकट सगळ्यांनी मतदान केलं त्याच्या नंतर हो!

मोडलं का म्हणाल तर हो, मोडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे, तेल, पोलाद यातल्या मूठभर लोकांनी देश खिशात घातला होता. सिनेटर तेव्हा लोक निवडत नसत, राज्यांची विधिमंडळं निवडत, आणि मूठभर आमदारांना गाठणं अख्ख्या राज्याला गाठण्यापेक्षा स्वस्त पडतं हे कुणाला सांगायला नको. मग लोक चिडले, शेतकरी, कामगार, वर्तमानपत्रवाले. १९०७ ला कंपन्यांनी उमेदवारांना देणग्या द्यायला बंदी आली. १९११ ला रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल कोर्टाने तोडली. १९१३ ला दोन घटनादुरुस्त्या झाल्या, एकीने इन्कम टॅक्स आला, दुसरीने सिनेटर थेट लोकांनी निवडायचा. १९३५ ला म्हातारपणची पेन्शन. १९५० च्या दशकात तर टॅक्सचा सगळ्यात वरचा दर ९१ टक्के होता, रिपब्लिकन अध्यक्ष असताना सुद्धा (प्रत्यक्षात तेवढा भरणारे फार थोडे, ते सोडा). १९८० ला ७०, १९८८ ला २८, आता ३७. एकदा बांधलेला बांध पुन्हा फुटत गेला असं म्हणा.

आता खोती. खोत म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारा, आणि तोच जमिनीचा मालक होऊन बसलेला. तो काही मतदानाच्या खोलीत येऊन उभा राहत नव्हता. पण घर ज्याच्या जमिनीवर, बी-भात ज्याच्याकडून उसनं, वेठ ज्याच्या बांधावर, त्याच्या समोर कुळाने कसला हक्क सांगायचा? चरीचा संप १९३३ ला सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला, अलिबागकडच्या कुळांनी खोतांची शेतं ओस टाकली, लाकडं तोडून विकली, कर्जात गेले, पण खंडाने कसलं नाही. नारायण नागू पाटील पुढे होते आणि बाबासाहेब पाठीशी. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती मोडायचं विधेयक मांडलं, आणि प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. मला त्यातलं लक्षात राहतं ते हे, की बारा वर्षं सगळ्यांना कळत होतं काय करायला पाहिजे ते.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला घटना समितीत बाबासाहेब जे बोलले ते तुम्ही मुलांना शिकवलंच असेल, की राजकारणात एक माणूस एक मत येतंय, पण सामाजिक आणि आर्थिक आयुष्यात विषमता तशीच राहणार, आणि हा विरोध लवकर मिटवला नाही तर विषमतेचे चटके बसलेले लोक हा डोलारा उधळून देतील. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, खोतीच्या मुलखातलं. अमेरिकेतले प्राध्यापक आज जाडजूड पुस्तकं लिहून जे सांगतायत ते त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

आत्ता तिकडे कोण काय करतंय विचाराल, तर सिएटल शहराचा एक प्रयोग मला आवडला. २०१५ ला लोकांनी मत देऊन ठरवलं आणि २०१७ पासून शहर प्रत्येक मतदाराला २५ डॉलरची चार कुपनं घरपोच पाठवतं. तुम्हाला पटेल त्या शहरातल्या उमेदवाराला द्या, तो ती वटवून प्रचार करतो, बदल्यात त्याने खर्चाची मर्यादा पाळायची. म्हणजे उमेदवाराला दहा बंगल्यांऐवजी हजार चाळींत जावं लागतं. लहान आहे, एका शहरापुरतं आहे, आणि सुपर पॅक तिथेही घुसतातच.

प्रश्न : दुसऱ्याच्या घरात वाकून बघण्यापेक्षा आपल्याकडचं लिहा की! इकडे काय रामराज्य आहे?
— वेंगुर्ला, नाव नको

नाहीये. मृत्यूनंतरचा इस्टेटीवरचा कर आपण १९८५ ला काढला, संपत्ती कर २०१५ ला, २०१८ ला निवडणूक रोखे आले ज्यात कोण कुणाला किती देतंय ते मतदाराला कळायची सोयच नव्हती, ते १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवून बंद केले. एक फरक सांगतो, अमेरिकेत उमेदवाराला आणि सुपर पॅकला कुणी किती दिले ते बरंचसं वेबसाइटवर घरबसल्या बघता येतं, म्हणून तर मी तुम्हाला मस्कचा आकडा सांगू शकलो. आपल्या तालुक्यात गेल्या वेळी कुणी किती घातले ते तुम्ही सांगू शकाल का? मी नाही. पुढच्या अंकात लिहितो, शिव्या तयार ठेवा.

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीला असतो, बारा वर्षं झाली. त्याला तिकडे मत आहे का हो? आणि त्याने राजकारणात पैसे वगैरे दिले तर काही लफडं होईल का? त्याची आई काळजी करते.
— एक मामा, कणकवली

मामा, तो सिटिझन झाला असेल तर दोन्ही चालतं. एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असेल तर मत नाही आणि देणगी पण द्यायची नाही, दिली तर गुन्हा, आईची काळजी तेवढी बरोबर. आणि ग्रीन कार्डवर असेल तर मत नाही, पण देणगी चालते. हो, नीट वाचा, छपाईची चूक नाहीये. मत देता येत नाही पण पैसे देता येतात, एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरपर्यंत (हा २०२५-२६ चा आकडा), आणि सुपर पॅकला हवे तेवढे. भाच्याला फोन करून कुठलं कार्ड आहे ते विचारून घ्या, आणि आईला सांगा.